गौहरचाचीनं उपटलेली पिन

गौहरचाचीनं पुरात टॉवरचं डिझेल विकलं, असं आमच्या गावात काहीजण अजून बोलतात. साफ खोटं. उलट डिझेल वाचवायला तिनं सरपंच आबासाहेबांच्या इन्व्हर्टरची पिन उपटली, आणि 'विकायलाच डिझेल राखलं' अशी आवई तिथूनच उठली.

मोबाईलचा टॉवर चाचीच्याच रानात उभा आहे. चाचा गेल्यापासून त्याची राखण तीच करते. जनरेटरशी ती शेळीशी बोलावं तसं बोलते, "क्या हुआ रे, खोकतो कशाला?"

गेल्या सप्टेंबरात नदी फुगली. लाईट गेली, राहुरीचा रस्ता पाण्याखाली, म्हणजे नवं डिझेल येणार कुठून? टॉवर नुसत्या जनरेटरवर चाललेला. त्यात अख्खं गाव वायरी घेऊन चाचीच्या दारात. आधी मोबाईल आले, मग कुणाचा तरी फ्रीज, शेवटी आबासाहेबांचा इन्व्हर्टर. जनरेटर कण्हायला लागला.

चाचीनं सरळ पिना काढायला घेतल्या.

"भाभी, मी सरपंच हाय!"

"म्हनून तर तुमची पहिली काढली. नदीपल्याड आत्या हाय ना तुमची? धरनाचं पानी सुटलं तर तिला काय हाळी देनार?"

छबूआत्या नदीकाठच्या वस्तीवर म्हशींसोबत एकटीच. फोन आल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसलेली.

मी म्हणजे गावात सगळ्यांच्या नकला करत फिरणारा. मी टाकीत काडी बुडवून बघितली. "चाची, सांजपत्तोर टिकत न्हाई. लाव पैज!"

"लावली. हरला तर एक दिवस कुनाची नक्कल करायची न्हाई."

दिवस कलला आणि धरणावरून आबासाहेबांना फोन आला, पाणी सोडतायत. त्यांनी लगेच आत्याला लावला.

"आत्या, नीघ!"

"आन म्हशी?"

"म्हशी घेऊन नीघ!"

"मग वरडतो कशाला? निघाले."

अंधार पडायच्या आत पल्याडच्या टेकाडावरून आत्याचाच फोन. ती शाळेत पोचली होती, म्हशी चौथीच्या वर्गात बांधल्या होत्या. इकडं जनरेटर धडधडतच होता. पैज मी हरलो.

पुढं गावानं चाचीचा सत्कार ठेवला, आणि माझ्या बिननकलेचा दिवस म्हणून तिनं मुद्दाम तोच निवडला. आबासाहेब माईकपुढं उभे राहिले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "म्या तर पहिल्यापास्नंच सांगत हुतो, पिना काढा." सगळी पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी तोंडात दोन पेढे कोंबले आणि जमिनीकडं बघत बसलो.