माझ्या चालीची बाहुली

सुनेचा राग आला तो तिनं माझं पडणं कॉम्प्युटरात घातलं म्हणून. उगाच नाही, सांगते.

पनवेलच्या घरात बसूनच ती कॉम्प्युटरच्या खेळांतली माणसं बनवायची. चित्रं काढून हलवायची नाही हं. बाहुलीला हाडं, सांधे, वजन द्यायची. मग धक्का बसला की बाहुली आपलीआपण तोल सावरायची, नाहीतर पडायची. इथवर मला कौतुकच होतं.

एका रविवारी तळोज्याची शिफ्ट संपवून आलेल्या माझ्या धाकट्यानं तिचा माउस हातात घेतला. पडद्यावर एक म्हातारी लंगडत चालली होती. यानं ढकललं, ती कुशीवर आपटली.

"आई, डिट्टो तू!" मेला खिदळला.

मोरीच्या उंबऱ्यावर मी पडले, तेव्हापासून माझा उजवा गुडघा दुमडत नाही. सुनेनं मोबाईलवर माझी चाल गुपचूप टिपली होती.

"चाल चोरलीस ती चोरलीस, वर लोकांना ढकलायला दिलीस?"

"आई, न पडणारी बाई खोटी वाटते."

"मग तुझ्या आईला पाड की!"

ती लालबुंद झाली. बाहुली तशीच पडलेली.

"आता उठेल ना ही?"

"उठवणं फार अवघड असतं. बटण दाबलं की नुसती परत उभी दिसते, स्वतः उठत नाही."

"पाडायला बरं जमतं गं! ही स्वतःहून उठेपर्यंत ऑफिसात दाखवलीस, तर माझ्याशी गाठ आहे."

मग कितीतरी दिवस आमच्या घरात नुसती भांडीच बोलत होती. शेवटी तीच मोबाईल घेऊन आली. "जरा खाली बसून उठून दाखवाल?"

"मी नाही. तू बस. उजवा पाय दुमडायचा नाही." मोबाईल मी ओढूनच घेतला. टिपायचं बटण मला ठाऊक होतं.

ती बसली, उठायला गेली आणि कलंडली. लेकरू पडलं की आपण जमिनीला चापट मारतो ना, तसा माझा हात निघालाच होता, आवरला.

"पुन्हा," म्हटलं.

घामाघूम झाली. शेवटी डाव्या हातावर जोर देऊन उठली एकदाची. डावखुरीच ती.

आता बाहुली उठते. चालते माझ्यासारखी, उठते सुनेसारखी. पुढच्या वेळी धाकट्यानं माउसला हात लावला, तर सूनच कडाडली, "भाऊजी, पुरे!"

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा राग अजून गेलेला नाही.