अक्काच्या तोंडातला तीळ

अक्काच्या तोंडात तीळ भिजत नसे. हे नुसतं आमच्या घरचं मत नव्हतं, मल्लेश्वरममधल्या निदान दोन गल्ल्यांचं होतं. सिनेमा बघून आली की चपला काढता काढता ती खुनी कोण ते सांगून टाकायची. आईच्या वाढदिवसाला अप्पांनी एकदा गुपचूप साडी आणली, तर आईला तिचा रंग आदल्या दिवशीच ठाऊक. "मी कुठं सांगितलं? मी फक्त विचारलं, जांभळ्यावर कुठलं ब्लाउज शोभेल म्हणून," ही अक्काची बाजू. समोरच्या घरातल्या मुलीला तिचं स्वतःचं लग्न ठरल्याचं अक्काकडून कळलं, असंही लोक सांगतात. ते खरं आहे. मी तिथं उभी होते.

अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. पण आमची घराणी इकडे बेंगळुरात येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, त्यामुळे आमच्या मराठीत 'जरा'च्या जागी कन्नड 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' कधी येऊन बसले ते कुणाला आठवत नाही, आणि थोरली बहीण ती अक्काच. अप्पा तिला अक्का म्हणत, मी म्हणे, दूधवालाही म्हणे. तिनं लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे, पलीकडचा माणूस येईपर्यंत अलीकडच्याला धीर द्यायचा. एक्स्चेंजचं नाव निघालं की अप्पा हात जोडत. "अशा बाईच्या कानात सरकारनं सगळ्या गावाची बोलणी सोडलीत, देवच राखो."

आणि अक्का विनोदाच्या आधी हसायची. हे मला कळलं ते दोड्डप्पा-चिक्कप्पांमुळे.

ती टीव्हीवरची जोडी होती. गाण्यांतून विनोद करणारे दोघे मराठी कलावंत, एक उंच आणि एक बुटका. त्यांची खरी नावं पुण्यामुंबईच्या लोकांना पाठ असतील, आमच्याकडे मात्र ते दोड्डप्पा आणि चिक्कप्पा होते, म्हणजे कन्नडात मोठे काका आणि धाकटे काका. दोड्डप्पा पेटी वाजवत. चेहरा सुतकी, आणि अख्ख्या कार्यक्रमात तोंडातून एक शब्द नाही. चिक्कप्पा गात, बोलत, घाम पुसत, पुन्हा गात, आणि गाणं कधी म्हणून शेवटाला जात नसे. बेंगळुरात तेव्हा तो कार्यक्रम दिसत नव्हता. अक्काची पुण्याची मावसबहीण तो व्हिडिओवर घ्यायची आणि कॅसेट पार्सलनं पाठवायची. दिवसा घरी कुणी नसे म्हणून पार्सल एक्स्चेंजच्या पत्त्यावर येई. मग रविवारी दुपारी चारला कॉफी, कुरकुरीत कोडुबळे आणि कॅसेट. चिक्कप्पांनी तोंड उघडायच्या आधीच अक्काचे खांदे हलायला लागायचे. ती शनिवारीच एकदा बघून घ्यायची ना! अप्पा चिडायचे. "अगं, आम्हांला तरी हसू दे." ती पदरानं तोंड दाबून म्हणायची, "सरी सरी, तुम्ही हसा. मी थांबते." थांबणं काही तिला जमायचं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी आठ-नऊ वर्षांची होते आणि अडखळत बोलत होते. माझं नाव कविता, आणि सगळ्यात जास्त मी अडायची ती नेमकी 'क'वर. वर्गात नाव विचारलं की क, क, क करत मी उभी राही आणि मागच्या बाकावरून कुणीतरी माझी नक्कल करी. हळूहळू मी बोलणंच सोडलं. घरी अप्पांचा जीव तुटायचा, म्हणून ते माझे शब्द मला पुरवायचे. मी "पा, पा" केलं की पाण्याचा पेला पुढे येई. मला पापड हवा असे. पण नको म्हणायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मी पाणी पिऊन टाकायची. त्या वर्षी मी फार पाणी प्यायले.

अक्का शब्द पुरवत नसे. मी अडले की ती हातातलं काम ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणायची, "लाइन चालू आहे. बोल." तेवढंच. मग कितीही वेळ लागो. जगाच्या पोटातली गोष्ट ओठांवर यायच्या आधी सांगून टाकणारी ही बाई माझ्यासाठी मिनिट मिनिट गप्प बसायची, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. लहान मुलांना असल्या गोष्टी आपल्या हक्काच्याच वाटतात.

एकदा पुण्याच्या त्या मावसबहिणीनं घोटाळा केला. नवी कॅसेट घ्यायची सोडून तिनं कुणाच्या तरी मुंजीच्या कॅसेटवर, मुंज संपते तिथून पुढे, कार्यक्रम घेतला. आधी तासभर अनोळखी माणसांची मुंज. तो बटू कसा रुसला, मामा कसे घामाघूम झाले, ते आम्हांला पुढे तोंडपाठ झालं. मग आमचे दोघे आले. त्यांना लग्नात मंगलाष्टकं म्हणायला बोलावलेलं. चिक्कप्पा 'सावधान' म्हणाले की लोक अक्षता टाकत आणि त्या नेमक्या पेटीत पडत. एक पट्टी अडकली आणि पेटी सारखी ऊं ऊं करायला लागली. दोड्डप्पांनी फुंकर मारली, थापट्या मारल्या, पेटी उलटी करून झटकली. चिक्कप्पांनी तोच सूर धरून सहावं मंगलाष्टक सुरू केलं. नवरा-नवरी हार धरून धरून दमली. शेवटी दोड्डप्पांनी पेटीला झाकण लावलं, उभे राहिले, एक बोट वर केलं, घसा खाकरला. सगळा मांडव गप्प झाला. ज्या माणसानं कधी तोंड उघडलं नव्हतं तो म्हणाला, "खरं सांगू का…"

आणि पडद्यावर मुंग्या. कॅसेट संपली होती.

अप्पा खुर्चीतून उठलेच. "अय्यो! मुंज कशाला घेतली त्या बाईनं!" अक्कानं तिथल्या तिथं पुण्याला पत्र लिहिलं, अर्धी कॅसेट पाठवलीस, पूर्ण असेल तर धाड.

पुढच्या रविवारी नवं काही नव्हतं म्हणून तीच कॅसेट पुन्हा लावली. दोड्डप्पा "खरं सांगू का" म्हणाले, मुंग्या आल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म, मी सांगू?" अप्पा लगेच पुढे झुकले. अक्कानं दोड्डप्पांसारखं एक बोट वर करून त्यांना गप्प केलं. "लाइन चालू आहे. बोल." मला किती वेळ लागला कोण जाणे. कॉफीवर साय धरली. पण मी सगळं वाक्य बोलले. "खरं सांगू का, मला भूक लागलीय. जेवायला कधी वाढणार?"

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला पुन्हा सांगावं लागलं, आणि ते मीच सांगितलं. मी कशी बोलते याला लोक हसतात हे मला माहीत होतं. मी काय बोलले याला कुणी हसलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तिसऱ्या रविवारीही मी शेवट सांगितला, वेगळा. चौथ्या रविवारी अक्का म्हणाली, "पुण्याचं उत्तर आलं. तिच्याकडे नाही म्हणे पुढचं. पुसलं गेलं." अप्पा हळहळले. मला मात्र आतून बरं वाटलं, कारण माझा शेवट तयार होता.

मग तो रिवाजच पडला. नव्या कॅसेटी येत, त्या बघून होत, आणि सगळ्यात शेवटी ती मंगलाष्टकांची लागे. महिन्यातून एकदा तरी दोड्डप्पा बोट वर करत आणि पुढचं मी बोले. ते कधी नवरीचे हरवलेले वडील निघत, कधी चुकीच्या मांडवात आलेले असत. एकदा तर त्यांना त्या मुंजीतला बटू हुडकायचा होता. एका वाक्याची तीन झाली, तिनाची दहा. मी अडखळे, पण थांबत नसे. बाकी सगळ्या जागी आधी हसणारी अक्का तिथं मात्र हात मांडीवर ठेवून स्तब्ध बसायची आणि माझं बोलून झाल्यावरच हसायची. मला वाटे, हा एकच विनोद तिलाही माहीत नाही.

माझं अडखळणं गेलं नाही. आजही फोनवर नाव सांगताना 'क' दारात उभा राहतो. पण मी सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत नव्या लोकांना शिकवते, दिवसाचे सहा-सहा तास बोलते, आणि अडले की थांबते, घाबरत नाही. समोरचे थांबतात. लोक थांबतात, हे मला अक्कामुळे ठाऊक झालं. तिचे उपकार म्हटलं तर ती रागावली असती, पण उपकारच आहेत.

अक्का निवृत्त झाली, आई गेली, आणि अप्पा व अक्का जे. पी. नगरला माझ्याकडे राहायला आली. व्हिडिओ केव्हाच भंगारात गेला होता. तरी रविवारी कॉफी पिताना ती विचारायची, "मग, आज काय म्हणाले दोड्डप्पा?" गेल्या वर्षी अंथरुणाला खिळल्यावरही विचारायची. एकदा मी सांगून झाल्यावर हसली आणि म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "सांग." तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "स्वल्प थांब… सरी, राहू दे." अक्का आणि राहू दे! मला वाटलं, आजारानं थकली. आठवड्यानं ती गेली.

तिचं कपाट आवरताना साड्यांच्या खाली एक बिस्किटांचा डबा सापडला. आत एक कॅसेट आणि पुण्याचं पत्र. 'अक्का, चुकले. माझ्या नणंदेनं घेतला होता कार्यक्रम, तिच्याकडून ही पूर्ण आणलीय, मुंज नाही.' तारीख पाहिली. पहिल्या कॅसेटनंतर दोनच आठवडे झाले होते. म्हणजे कॅसेट एक्स्चेंजमध्ये तिच्या टेबलावर आली, आणि दोनच रविवार आधी तिच्या भाचीनं तोंड उघडलं होतं. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला होता, तिच्या अक्षरात: 'शेवट आहे. कविताला सांगू नये.'

मी तिथंच जमिनीवर बसून रडले. मग एक गोष्ट लक्षात आली, जी आम्हां कुणाच्याच लक्षात आली नव्हती. तीस वर्षं तिच्या कानावर गावाची भांडणं, कर्जं, सोयरिकी पडल्या असतील. त्यातलं एक अक्षरही एक्स्चेंजमधून आमच्या घरी आलं नव्हतं. कुठला तीळ भिजवायचा ते तिला चांगलं कळत होतं.

मल्लेश्वरमला जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घालून देणारा एक दुकानदार आहे. "बुरशी आहे मेडम, पण आगुत्ते," होऊन जाईल म्हणाला, आणि झालं. त्याच्या दुकानातल्या लहानशा पडद्यावर, स्टुलावर बसून, मी दोड्डप्पांचं ते वाक्य ऐकलं. वाक्य चांगलं आहे. माझे निदान दहा शेवट त्याहून बरे होते. ते वाक्य काय होतं ते सांगणार नाही.

अक्का गेल्यापासून अप्पा फार बोलत नाहीत. काही विचारलं तर हो-नाही, पुष्कळदा तेही मानेनंच. त्या रविवारी चारला मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. मंगलाष्टकं सुरू झाली तसे ते खुर्चीत सरळ बसले. अक्षता, ऊं ऊं, सहावं मंगलाष्टक. दोड्डप्पांनी बोट वर केलं. "खरं सांगू का…" मी रिमोटचं बटण दाबलं.

"अय्यो," अप्पा म्हणाले, "इथंच संपतंय अजून?"

"इथंच संपतंय, अप्पा. आज तुम्ही सांगा."

त्यांचे ओठ हलले, थांबले. माझ्या जिभेवर त्यांच्यासाठी चार शब्द आलेच होते, मी ते गिळले. "लाइन चालू आहे," मी म्हटलं. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. बऱ्याच वेळानं अप्पांनी एक बोट वर केलं.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "तुझ्या अक्काला ठाऊक असतं ना, तर एव्हाना अख्ख्या मल्लेश्वरमला सांगून मोकळी झाली असती."

आणि कितीतरी महिन्यांनी ते ठसका लागेपर्यंत हसले. मी "हो ना" म्हटलं आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले.