सत्तावीस नोंदींवरची दुसरी सही

गीता नेमकी कशी होती, असं कुणी विचारलं असतं तर केशवरावांकडे सांगण्यासारखं फार थोडं होतं. अंबरपेठला राहायची, वडील नागोराव रेल्वेत, घरचे मूळचे मराठवाड्यातले. कोणत्या गावचे, ते त्यांनी कधी विचारलं नाही. तिला प्रबुद्ध नावाचा भाऊ आहे, हेही ती सोडून गेल्यावर कळलं. आठ महिने दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसली. पण ते मुळात मुखदुर्बळ, आणि ती कानाला वायर लावून कामात गढलेली.

कंपनी सॉफ्टवेअरची, नल्लकुंट्यात, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. साल दोन हजार नऊ. गल्लोगल्ली अशा कंपन्या निघत होत्या. ही सात माणसांची. केशवरावांनी जामबागेतल्या एका कॉलेजात चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं होतं. रिटायर झाल्यावर ते इथे फायली बघायला आले. मालकीण भाग्यलक्ष्मी मॅडमनी त्यांच्याकडे आणखी एक काम दिलं. परदेशी गिऱ्हाईकाची अट होती की प्रत्येक चाचणीची नोंद रजिस्टरात हाताने करायची आणि खाली दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक चाचणी करणाऱ्याची, दुसरी समोर बसून बघणाऱ्याची. बघणारे केशवराव.

आपण काय बघतो हे समजायला त्यांना महिना लागला.

"कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स एकच, काका, पण त्याची घरं वेगळी," गीताने सांगितलं होतं. "उबंटू, फेडोरा, डेबियन. आपला प्रोग्रॅम एका घरात नांदला म्हणून दुसऱ्यात नांदेलच असं नाही. म्हणून प्रत्येक घरात नेऊन बघायचं."

"मग कॉम्प्युटर किती लागतील?"

"एकच. त्याच्या पोटात खोटे कॉम्प्युटर. मूळ जपून ठेवायचं, त्याची नक्कल काढायची, नकलेवर प्रोग्रॅम चालवून बघायचा आणि नक्कल फेकायची. पत्रावळीसारखं. जेवलं की टाकलं. घासत कोण बसतंय?"

"आणि मूळ?"

"त्याला हात नाही लावायचा. त्यात काही शिरलं तर पुढच्या सगळ्या नकला उष्ट्या."

मूळ आणि नक्कल हे शब्द ऐकून केशवरावांना धीर आला. हे तर आपलंच काम, असं त्यांना वाटलं. पुढे पुढे ती त्यांना नक्कल काढायलाही शिकवू लागली.

एका गुरुवारी ती आईला, कोंडाबाईंना, डोळे दाखवायला घेऊन गेली होती. तीनला तिचा फोन आला. "काका, उबंटूची एक नक्कल काढून चालू करून ठेवता का? मी आलेच."

केशवराव तिच्या खुर्चीत बसले. कॉलेजात त्यांचा एक शिरस्ता होता. नक्कल देण्याआधी मूळ कागद उघडायचा, पानं धड आहेत का बघायची आणि मगच नकलेला हात घालायचा. चौतीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. हात लावायचा नाही, हे त्यांना पाठ होतं. पण बघणं म्हणजे हात लावणं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी मूळ उघडलं. एक चौकट पुढे आली. काही नवीन आलं आहे, बसवायचं का? समोरून इतक्या अदबीने विचारलेल्याला नाही म्हणायचं त्यांना जमलं नाही. पासवर्ड गीताने चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता. त्यांनी तो घातला, सगळं संपेपर्यंत वाट पाहिली, मूळ नीट बंद केलं आणि मग नक्कल काढली.

ती आल्यावर त्यांनी "झालं" एवढंच सांगितलं.

अडीच आठवडे सगळं पास होत गेलं. दर नोंदीखाली तिची सही, त्याखाली त्यांची. बुधवारी माल गिऱ्हाईकाकडे जाणार होता आणि शुक्रवारी मॅडम गीताला कायम करायचं की नाही ते ठरवणार होत्या. तिचे सहा महिने भरत आले होते.

सोमवारी सकाळी गीताने दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटू सीडीवरून कोरं बसवलं. आपला प्रोग्रॅम त्यात टाकला. चालेना. तिने पुन्हा टाकला. कानातली वायर काढली. मग जुनं मूळ उघडून त्यातली कसलीशी यादी वाचत बसली आणि एका ओळीवर थांबली.

"काका, यात अपडेट झालंय. त्या गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी. म्हणूनच आपला प्रोग्रॅम यात चालतो आणि कोऱ्यात चालत नाही." तिने मान वर केली. "तुम्ही काही दाबलं होतं का?"

"नाही," ते म्हणाले.

तो शब्द कसा तोंडून निसटला, ते त्यांना कळलंच नाही. गीताने एकदा पडद्याच्या कडेच्या चिठ्ठीकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाली आणि कामाला लागली.

दिवसभर त्यांना घास गेला नाही. सत्तावीस नोंदी, सत्तावीस सह्या. आत जाऊन सांगावं म्हणून ते दोनदा मॅडमच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आले. या वयात काढून टाकलं तर लोक काय म्हणतील? आणि आपण गप्प बसलो, तर शुक्रवारी त्या पोरीचं काय होईल?

चारला गीताने रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. सत्तावीसही नोंदींवर लाल रेघ होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, मूळ प्रत खराब झाली, सर्व चाचण्या रद्द, जबाबदारी माझी. तिची सही होती. त्याखाली त्यांची जागा रिकामी.

"सही करा, काका. मॅडमना नेऊन दाखवायचंय."

त्यांनी पेन उचललं. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांचं लिहिलेलंच सांभाळलं होतं. स्वतःहून कुठे काही लिहिलं नव्हतं. सहीच्या जागेवर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि रजिस्टर फिरवून तिच्यापुढे ठेवलं.

गीताने कपाळाला आठ्या घातल्या. "हे मराठीत लिहिलंत? मला धड वाचता येत नाही हो, शाळा सगळी तेलुगूत झाली. काय लिहिलंय?"

केशवरावांनी त्या ओळींवर बोट ठेवलं.

"वाचा ना तुम्हीच."

त्यांनी चष्मा पुसला. "मूळ प्रत मी उघडली. समोर आलेल्या चौकटीला होय मी म्हटलं. गीताबाई त्या वेळी हजर नव्हत्या." आवाज इतका बारीक निघाला की शेवटचे शब्द त्यांना परत वाचावे लागले.

"गीताबाई!" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पासवर्ड तर मीच चिकटवला होता. चला आता. मॅडमनाही हे वाचता येणार नाही."

म्हणजे तिथेही तोंडानेच सांगावं लागलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "क्या साब, मशीन पूछा तो हौ बोल देते क्या आप? और तुम, गीता, पासवर्ड मशीन पे लगाके घर कू जाते?"

मॅडमनी गिऱ्हाईकाकडून तीन दिवस मागून घेतले. दोघांनी सत्तावीसही चाचण्या कोऱ्या मुळावरून पुन्हा केल्या. चार नापास निघाल्या. केशवरावांना कुणी काढलं नाही. शुक्रवारी गीताला मात्र मॅडम म्हणाल्या, अजून तीन महिने बघू.

तिला सगळं ठाऊक असताना तिने जबाबदारी स्वतःवर का घेतली? कीव आली म्हणून, की चूक खरंच आपली वाटली म्हणून? केशवराव रोज विचारू म्हणत आणि रोज राहून जाई. दोन महिन्यांनी एका सोमवारी ती आली नाही. बंगळूरला नोकरी मिळाली, असं मॅडमनी सांगितलं. ते तीन महिने लादले गेले नसते तर ती राहिली असती का, हेही त्यांना कधी कळलं नाही.

त्याआधीच्या शनिवारी ती पाठीला बॅग अडकवून दारात थांबली होती.

"काका, प्यायचं पाणी संपलंय. सोमवारी कॅन येईल ना?"

"येईल. दहाच्या आत."

"दोन सांगा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.