फळ्यावरचा गुरुवार

हिंदुराव आमच्या चाकणच्या कंपनीत टाइम ऑफिसला होते. हजेरी सांभाळायची आणि गेटजवळच्या फळ्यावर सूचना लिहायच्या. पुनावळ्याहून पहिल्या बसने ते सगळ्यांच्या आधी पोहोचायचे. खडू पाण्यात बुडवून लिहायचे, म्हणजे वाळल्यावर अक्षर उजळतं. मग दोन पावलं मागे सरून बघत राहायचे. थंडीत धुक्याने गेट, रस्ता, समोरच्या शेड सगळं पुसून टाकलेलं असायचं आणि तेवढी अक्षरं हवेत तरंगायची. तेव्हा त्यांना जागेपणी एक स्वप्न पडायचं. तीनशे माणसं येताहेत, थांबताहेत, नुसते ओठ हलताहेत, आणि कुणीही काही न विचारता आत जातंय.

पण बसगाड्या यायच्या आणि माणसं फळ्याला पाठ टेकवून हिंदुरावांनाच विचारायची. शर्टाला खडू लागला तरी वळून बघायची नाहीत. हिंदुरावांचं डोकं फिरायचं. चिडायचे, बडबडायचे, आणि शेवटी सांगून टाकायचे. माझं म्हणाल तर त्यांची चीड रास्तच होती. एवढं कोरून लिहायचं कशाला मग?

वाचायची ती एकटी जयमाला. बीडकडची मुलगी, पॅकिंगला कंत्राटावर. रोज फळ्यापुढे उभी राहायची, वाचायची आणि गुपचूप आत जायची. तिला बघून हिंदुरावांचा दिवस चांगला जायचा. सहा महिने एकही खाडा न करता भरले की तिला कंपनीत कायम करणार होते. त्यातला शेवटचा आठवडा उरला होता.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते. त्या आठवड्यात कामाच्या घाईमुळे गुरुवारी काम आणि सुट्टी रविवारी, असं ठरलं. मंगळवारी धुकं दाट होतं. हिंदुरावांनी त्या तंद्रीत उलट लिहिलं. जो तो त्यांना विचारत गेला आणि ते चिडून, पण बरोबर, सांगत गेले. जयमालाने वाचलं आणि बुधवारी संध्याकाळी ती आईला भेटायला गावी गेली.

शुक्रवारी ती फळ्याशेजारच्या टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. हजेरीत तिच्या नावापुढे खाडा पडला होता.

"फळ्यावर गुरुवारी सुट्टी लिहिलेली होती, काका," ती म्हणाली. "मी वाचलं होतं."

फळा कालच पुसला होता. हिंदुरावांनी डोळे मिटले, तर धुक्यातली ती ओळ जशीच्या तशी समोर आली. गुरुवार नको तिथे बसला होता.

त्यांनी साक्षीदार शोधले. मलाही विचारलं. फळ्यावर काय होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हीच तर सांगितलंत काम आहे म्हणून, असं सगळे म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली, कारण मीही त्या दिवशी फळ्याला पाठ टेकवूनच उभा होतो.

शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात पानभर कबुली लिहिली आणि मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, काय लिहिलंय यात? हिंदुराव एरवी भडकले असते. त्या दिवशी त्यांनी एकेक शब्द शांतपणे तोंडी सांगितला. "चूक माझी हाय साहेब. वाचणाऱ्या पोरीला शिक्षा नको." खाडा खोडला गेला. हिंदुरावांना लेखी समज मिळाली आणि जयमाला कायम झाली.

पुढच्या मंगळवारी फळ्यावर नवी सूचना होती. जयमाला थांबली, तिने नेहमीसारखी वाचली, आणि मग सगळ्यांच्या मागे रांगेत येऊन खिडकीशी उभी राहिली.

"काका, हे बरोबर लिहिलंय ना?"

"व्हय," हिंदुराव म्हणाले. मग खिडकीतून वाकून त्यांनी स्वतःच फळा पुन्हा एकदा वाचला.