कराचीहून आलेलं गाणं

काल दुरुस्तीसाठी जुना रेडिओ उघडला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी थेट पिंपरीतल्या रहीमचाचांच्या दुकानात जाऊन पोचले. फाळणीला काही वर्षं झाली होती. घरात पहिलाच रेडिओ येणार होता. तो निवडायला निर्वासितांच्या छावणीतली माझी सिंधी मैत्रीण माया सोबत होती.

“नवखे आहात, तर शॉर्टवेव्हचा काटा हलका फिरतो तोच घ्या,” म्हणत चाचांनी बॅटरीवरचा, हातात धरून नेता येणारा रेडिओ पुढे केला. मी काटा फिरवला. खरखरीतून कराचीचं केंद्र लागलं. एक बाई सिंधीत गात होती.

मायानं माझं मनगट गच्च धरलं. “ही माझी गोपी!”

फाळणीच्या पळापळीत हरवलेली तिची बहीण! गाणं संपलं. निवेदकानं गायिकेचं नाव सांगितलं, ते मुसलमानी होतं.

“चल, तुझ्या आईंना सांगू,” मी म्हणाले.

माया पांढरीफटक पडली होती. “नको. आईनं तिचं श्राद्ध केलंय. हे कळलं, तर ती सरहद्दीकडे चालत सुटेल.”

तेव्हा मला ती निष्ठुर वाटली. आज वाटतं, तो धक्का आधी तिला एकटीला पचवायचा होता. तोच रेडिओ आम्ही घेतला. माया रोज संध्याकाळी येऊन ऐकत बसायची, आणि एके दिवशी ती आईचा हात धरून आली.