मनकर्णाबाई गप्प बसली तो बुधवार

उंद्रीची मनकर्णाबाई गप्प बसली, असं कोणी सांगितलं असतं तर गावानं आधी वैद्य बोलावला असता. पण महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली, त्या साली एका बुधवारी ती खरंच गप्प बसली. आणि रागानं बसली.

बाईनं शाळा पाहिली ती बाहेरून. गोधड्यांसाठी चिंध्या मागायला ती अब्दुल गनी शिंप्याच्या दुकानात गेली, तिथं उत्तमराव मास्तर पुस्तक वाचून दाखवत होते. ती जी बसली, ती अकरा वर्षं दर बुधवारी दुपारी गोधडी घेऊन येतच राहिली. तेवढ्या काळात तिनं पुस्तकातले किती राजे नालायक ठरवले, याला गणती नाही. रेडिओवरचा गवईही सुटत नसे : "गळा चांगला हाये, पण दुःख उसनं आणलं त्यानं."

दुकानाचा नियम एकच. प्रकरण संपलं की प्रत्येकानं मत द्यायचं, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय वाचणाऱ्यानं उठायचं नाही. गनीची बायको अजीजुन्निसा पडद्याआडून ऐकायची आणि मतही तिथूनच द्यायची.

त्या बुधवारी मास्तरांनी सुशीला नावाच्या सुनेच्या कादंबरीचं एक प्रकरण वाचून पुस्तक मिटलं.

"थांबा," बाई म्हणाली. "मांगच्या बुधवारी सुशीला नवऱ्याच्या घरी मार खात होती. आज माहेरी पापड लाटून राह्यली. मधात काय झालं?"

"एक प्रकरण गाळलं. बायकांनी ऐकण्यासारखं नाही ते."

गनीचं मशीन थांबलं.

"काऊन? लढाईत मुंडके उडाले, ते ऐकवले. राजानं पोरगं विहिरीत टाकलं, ते ऐकवलं. तवा नाही म्हटलं, बाई, कान झाक! अन् एक बाई घराबाहेर पडली तं मलेच बंदी?"

"वाद नको. मत द्या. मला लेकीकडे चिखलीला जायचंय, तीनची एसटी आहे."

बाईनं तोंड मिटलं आणि गोधडीत सुई अशी खुपसली, जणू खाली मास्तरच अंथरले होते.

मास्तरांनी विनवलं, मग डोळे वटारले. बाई ढिम्म.

"नियम तुमीच बांधला, गुरुजी," गनी म्हणाला.

अडीच वाजता मास्तरांनी पानं मागं उलटली आणि गाळलेलं प्रकरण वाचलं. सुशीला भर अंगणात, सासऱ्यादेखत, नवऱ्याला म्हणाली, "मी माणूस आहे," आणि पायीच माहेरच्या वाटेला चालती झाली.

"इतकंच?" बाई कडाडली. राग उतरायच्या ऐवजी चढला. "हे तं माह्या मायनं मले लग्नाआधी सांगाले पायजे होतं! अन् तुमी लपवून राह्यले? घ्या आता मत!"

मत नवऱ्यापासून सुरू झालं, सासऱ्यावरून लेखकावर गेलं ("दोन दिवस चालवली तिले, अन् सोबत भाकर नाही दिली! हा बुवा कधी पायी चालला नसंल!") आणि शेवटी मास्तरांवर येऊन तिथंच मुक्कामाला राहिलं.

तिनं श्वास घेतला. तेवढ्यात मास्तरांनी चपलेत पाय घातला. पडदा हलला.

"ठहरो मास्तर, मेरा बाकी है."

फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला. मास्तरांनी चप्पल काढली.