प्रवचन

सकाळच्या फेरीनंतर आम्ही निवृत्त मंडळी बागेतल्या बाकांवर टेकतो. आज शेजारच्या बाकावर पांढऱ्या केसांच्या एक बाई कानांत इयरफोन घालून बसल्या होत्या. त्यांची बोटे मांडीवरच्या पर्सवर ठेका धरीत होती.

आमच्या दामूअण्णांनी विचारले, "अभंग का, वहिनी?"

"छे हो, रॉक. कॉलेजपासूनचं वेड आहे," त्या हसून म्हणाल्या आणि पुन्हा ठेक्यात शिरल्या.

माझ्याही कानांत रॉकच होते. वसतिगृहात वडिलांवरच्या रागापोटी मी ते भिंती हादरतील इतक्या मोठ्याने लावीत असे. नोकरी लागल्यावर तेच दार लोटून, हळू आवाजात ऐकू लागलो. पत्नी गेली, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, तेव्हा त्यातल्याच एका गिटारच्या संथ तुकड्याने माझ्या संध्याकाळी निभावून नेल्या. एवढे जवळचे आता दुसरे कोणी उरलेले नाही. तरीही चारचौघांत मी त्याचे नाव काढीत नाही. माणूस सोबत घेतो, ओळख मात्र देत नाही.

दामूअण्णा माझ्याकडे वळले. "नाना, तुमचं आपलं रोजचं प्रवचन, नाही का?"

बाईंनीही माझ्याकडे पाहिले.

"हो, प्रवचन," मी म्हणालो.

बाईंची नजर खाली गेली. तिथे माझा बूट फरशीवर जोरात ठेका धरीत होता. मी पाय आवरून घेतला. कानांतली गिटार मात्र, मी तिला नाकारल्यावरही, वाजत राहिली.